व्हिडिओ कन्व्हर्ट करण्याआधी आत काय आहे ते बघा

रंगपंचमीला नाशिकच्या तिवंधा चौकातल्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात, कुणी धप्पा मारला, त्याची क्लिप फोनवर झकास दिसते. तीच पेनड्राइव्हवर टाकून घरच्या टीव्हीला लावली की टीव्ही सांगतो, हा फॉरमॅट सपोर्टेड नाही. मग घरातलं कुणीतरी ‘फ्री व्हिडिओ कन्व्हर्टर’ शोधतं, दिसेल त्या पहिल्या हिरव्या डाउनलोड बटणावर क्लिक करतं, तासभर कॉम्प्युटर घरघरत बसतो आणि शेवटी हाती येतं धुरकट चित्र, त्यावर मधोमध सॉफ्टवेअरवाल्याचा शिक्का. आवाज तर कधीकधी येतच नाही.

यातला बराचसा खटाटोप टाळता येतो. इंदिरानगरात ओळखीपाळखीचे लोक माझ्याकडे “दादा, एवढं जरा कन्व्हर्ट करून दे” म्हणून ज्या फायली आणतात, त्यातल्या कितीतरी कन्व्हर्ट करायच्याच नसतात. उरलेल्या करायच्या असतात, पण नेमकं काय बिघडलंय ते न बघता केल्या की जास्त बिघडतात. म्हणून आधी फाइलच्या आत काय असतं ते समजून घेऊ. दुरुस्ती त्यानंतर फार अवघड नाही.

पेटी वेगळी, माल वेगळा

एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय, एमओव्ही ही फाइलच्या नावामागची अक्षरं म्हणजे नुसती पेटी. नाशिककरांना हे द्राक्षांवरून चटकन कळेल. पेटीवर काय छापलंय त्यावरून आत थॉमसन आहे की शरद सीडलेस ते कळत नाही. झाकण उघडावं लागतं. व्हिडिओच्या पेटीला कंटेनर म्हणतात आणि आतला माल ज्या पद्धतीने दाबून बसवलाय त्या पद्धतीला कोडेक. एका पेटीत सहसा दोन जिन्नस असतात, चित्र आणि आवाज. दोघांचे कोडेक वेगळे. त्यामुळे दोन एमपी४ फायलींपैकी एक टीव्हीवर चालते आणि दुसरी चालत नाही, यात नवल काही नाही.

चित्राचे कोडेक पिढ्यापिढ्यांनी बदलत आले. डीव्हीडीवर एमपीईजी-२ असतं. २००३ साली एच.२६४ आला आणि आज जवळपास प्रत्येक फोन, टीव्ही आणि लॅपटॉप तो वाचतो. २०१३ मध्ये आलेला एच.२६५, म्हणजेच एचईव्हीसी, तेवढंच चांगलं चित्र बऱ्याच कमी जागेत बसवतो. आयफोनने तो २०१७ पासून धरला आणि आता बरेच अँड्रॉइड फोनही त्यात रेकॉर्ड करतात. २०१८ मध्ये एव्ही१ आला. जुन्या टीव्हीला या नव्या पिढ्यांचं काही कळत नाही. त्याच्या आतल्या चिपमध्ये ते वाचायची सोयच नसते, आणि ती बाहेरून घालता येत नाही.

फाइलचं नाव बदलून ‘.एमकेव्ही’च्या जागी ‘.एमपी४’ लिहिणं म्हणजे पेटीवरचं लेबल फाडून दुसरं चिकटवणं. आत काहीच बदलत नाही.

आता कन्व्हर्ट या एका शब्दाखाली दोन अगदी निराळी कामं येतात. पहिलं, माल तोच ठेवून पेटी बदलायची. याला रीमक्स म्हणतात. दोन तासांचा व्हिडिओ असला तरी एखाद-दोन मिनिटांत होतं, कारण कॉम्प्युटरला फक्त उचलून ठेवायचं असतं, आणि चित्राचा एक ठिपकाही बिघडत नाही. दुसरं, माल उलगडून नव्या कोडेकमध्ये पुन्हा दाबायचा. हे ट्रान्सकोडिंग. हे म्हणजे द्राक्षांचे बेदाणे करणं. वजन उतरतं, काम होतं, पण बेदाण्याचं परत द्राक्ष होत नाही. प्रत्येक वेळी थोडा तपशील कायमचा जातो. बहुतेक फुकट कन्व्हर्टर न विचारता हे दुसरंच काम करतात.

झाकण उघडायचं कसं

मीडियाइन्फो नावाचं एक छोटं, मोफत सॉफ्टवेअर आहे. फाइल त्यावर ओढून टाकायची, बस. ते नसेल तर व्हीएलसी प्लेअरमध्ये व्हिडिओ चालू असताना कंट्रोल आणि जे दाबा. तिथेही बरीच माहिती दिसते.

वरची रहाडीची क्लिप मीडियाइन्फोमध्ये टाकली तर साधारण असं दिसेल: जनरल, एमपीईजी-४. व्हिडिओ, एचईव्हीसी, १० बिट, १९२० बाय १०८०, फ्रेम रेट मोड व्हेरिएबल, रोटेशन ९० अंश. ऑडिओ, एएसी.

एवढ्या एका ओळीत अर्ध्या तक्रारींची उत्तरं आहेत. एमपीईजी-४ म्हणजे एमपी४, पेटी ठीक आहे, तिला हात लावायला नको. एचईव्हीसी आणि १० बिट (रंगांच्या जास्त छटा), इथे जुना टीव्ही अडला. व्हेरिएबल फ्रेम रेट म्हणजे फोनने दर सेकंदाला सारख्याच संख्येने फ्रेम, म्हणजे सुटी चित्रं, घेतलेल्या नाहीत. उजेड कमी झाला, फोन तापला की तो कमी घेतो. रोटेशन ९० म्हणजे चित्र प्रत्यक्षात आडवं साठवलंय आणि ‘दाखवताना फिरव’ अशी फक्त चिठ्ठी जोडलीय. ही चिठ्ठी न वाचणाऱ्या टीव्हीवर माणसं आडवी झोपलेली दिसतात. आवाजाचा एएसी सगळीकडे चालतो.

म्हणजे या क्लिपचं चित्र एच.२६४ मध्ये, ८ बिटमध्ये ट्रान्सकोड करायचं आणि आवाज आहे तसा ठेवायचा. आणि कॉम्प्युटरवरच बघायची असेल तर काहीच करायचं नाही. विंडोजच्या स्वतःच्या प्लेअरला एचईव्हीसीसाठी मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधून वेगळं एक्स्टेन्शन लागतं; व्हीएलसीला लागत नाही, त्याचे कोडेक त्याच्या पोटातच असतात. इंटरनेटवर मिळणारे भलेमोठे ‘कोडेक पॅक’ मात्र टाकू नका. पूर्वी त्यांची गरज होती. आता ते चालू असलेलं बिघडवतात तेवढंच.

काही लक्षणं तर मीडियाइन्फो न उघडताही ओळखू येतात. आवाज येतोय पण पडदा काळा: चित्राचा कोडेक वाचता येत नाही. चित्र दिसतंय पण आवाज नाही: आवाजाचा कोडेक अडलाय, आणि टीव्हीवर हे बहुधा डीटीएस या आवाजाच्या कोडेकमुळे होतं, कारण काही टीव्ही कंपन्यांनी त्याचा परवाना घेणं सोडून दिलं. अशा वेळी अख्खा व्हिडिओ पुन्हा दाबत बसणं वेडेपणा आहे. एव्हिडेमक्स नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओ ‘कॉपी’वर ठेवा, ऑडिओ तेवढा एएसी करा आणि सेव्ह करा. कॉम्प्युटरवर हिरवे-गुलाबी पट्टे दिसले तर फाइलला दोष देण्याआधी व्हीएलसीच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर डिकोडिंग बंद करून बघा. पुष्कळदा दोष ग्राफिक्स ड्रायव्हरचा निघतो.

नुसती पेटीच बदलायची असेल, म्हणजे आत एच.२६४ आणि एएसी आहे पण पेटी एमकेव्ही असल्याने टीव्ही किंवा एडिटर नाक मुरडतोय, तर लॉसलेसकट किंवा तेच एव्हिडेमक्स वापरा. आउटपुट एमपी४ निवडायचं; एव्हिडेमक्समध्ये चित्र आणि आवाज दोन्ही ‘कॉपी’वर ठेवायचे.

खरोखरच कन्व्हर्ट करायचं असेल तर

माझी पसंती हँडब्रेकला. मोफत आहे, जाहिराती नाहीत, शिक्का मारत नाही. व्हीएलसीतही कन्व्हर्टची सोय आहे, पण प्लेअर म्हणून तो जितका भरवशाचा, तितका कन्व्हर्टर म्हणून नाही. ऑनलाइन वेबसाइटवर फाइल चढवून कन्व्हर्ट करणं मला मुळीच पटत नाही. घरातल्या लग्नाचा, बाळाच्या बारशाचा व्हिडिओ कुठल्या कॉम्प्युटरवर जाऊन बसतो याचा काही पत्ता नसतो, आणि मोठी फाइल चढवण्यात जाणारा वेळ वेगळाच.

हँडब्रेकमध्ये ‘फास्ट १०८०पी३०’ हा तयार प्रीसेट बहुतेकांना पुरतो. समजून घ्यावा असा एकच आकडा आहे, आरएफ. तो उलटा चालतो: आकडा लहान तेवढं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. डीव्हीडीच्या व्हिडिओला २० आणि फुल एचडीला २२ च्या आसपास ठेवलं की नेहमीच्या नजरेला फरक जाणवत नाही. तो १० वर नेऊन ठेवला की फाइल अवाच्या सवा फुगते, पण मूळ फाइलमध्ये नसलेला तपशील त्यात येत नाही. त्याच कारणाने जुन्या डीव्हीडीचं ‘फोर-के’ करून देतो म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका. डीव्हीडीत ७२० बाय ५७६ एवढेच ठिपके आहेत. बाकीचे अंदाजाने भरलेले असतात.

कन्व्हर्ट केल्यावर फाइल मोठी का झाली, हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. एचईव्हीसीमधून एच.२६४ मध्ये गेलात की तेवढ्याच दर्जासाठी जास्त जागा लागणारच. हिशोब सोपा आहे: सेकंदाला ८ मेगाबिट म्हणजे १ मेगाबाइट, तासाला ३,६०० मेगाबाइट, म्हणजे ३.६ जीबी. बिटरेट (सेकंदाला किती बिट) आणि वेळ हे दोनच आकडे साइझ ठरवतात. पेटी कुठली आहे याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

किती बिटरेट पुरेल हे मात्र आत काय चाललंय त्यावर ठरतं. कोडेक काम करतो ते मागच्या फ्रेमशी तुलना करून. जे हललं नाही ते पुन्हा लिहायचं नाही, जे सरकलं ते ‘इथून तिथे गेलं’ एवढंच लिहायचं. खुर्चीत बसून बोलणाऱ्या माणसाचा व्हिडिओ त्यामुळे कमी जागेत छान बसतो. पण मंगलाष्टकं संपून अक्षता पडतात तेव्हा हजारो दाणे एकाच वेळी वेगवेगळ्या दिशांना उडत असतात. कोडेकला त्यात काहीच ओळखीचं सापडत नाही आणि बिटरेट कमी असेल तर नवरा-नवरीच्या तोंडावर चौकोन-चौकोन उमटतात. रहाडीतलं उडणारं रंगाचं पाणी, पावसाळ्यात रामकुंडावर फेसाळत जाणारी गोदावरी, सगळ्यांची तीच गत. म्हणून मी बिटरेट ठरावीक न ठेवता आरएफच वापरतो. त्यात सोप्या भागाला कमी आणि अक्षतांसारख्या भागाला जास्त जागा आपोआप मिळते. कन्व्हर्ट झालेली फाइल तपासतानाही सुरुवात बघून समाधान मानू नका, थेट अक्षतांवर जा. तिथे चित्र टिकलं तर बाकीचं टिकलेलं असतं.

ग्राफिक्स कार्डाच्या मदतीने कन्व्हर्ट करायचा पर्यायही हँडब्रेकमध्ये असतो, एनव्हीएन्क किंवा क्विक सिंक या नावाने. काम कितीतरी पटीने लवकर होतं, पण तेवढ्याच साइझमध्ये चित्र जरा उतरतं. व्हॉट्सअॅपवर पाठवायची क्लिप असेल तर खुशाल वापरा. जपून ठेवायच्या व्हिडिओला मी वापरत नाही. आणि हो, व्हॉट्सअॅपवर मूळ दर्जा हवा असेल तर व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. २ जीबीपर्यंत जातो आणि मध्ये कुणी दाबत नाही.

लग्नाच्या जुन्या डीव्हीडी

हा प्रकार सगळ्यात जास्त येतो. डीव्हीडी उघडली की ‘व्हिडिओ_टीएस’ नावाचा फोल्डर आणि त्यात एक-एक जीबीच्या व्हीओबी फायली दिसतात. लोक त्या एकेक करून कन्व्हर्ट करतात आणि मग कन्यादान दोन फायलींच्या मधोमध तुटतं, किंवा जोडल्यावर आवाज मागेपुढे होतो. त्या स्वतंत्र फायली नाहीतच. एकाच लांब व्हिडिओचे तुकडे आहेत. हँडब्रेकला अख्खा फोल्डर द्या, म्हणजे तो सलग व्हिडिओ म्हणून उघडतो.

दुसरी अडचण चेहऱ्यांची. डीव्हीडीतले ठिपके चौरस नसतात. ७२० बाय ५७६ हे चित्र दाखवताना ताणून ४:३ किंवा १६:९ करायचं असतं. साध्या कन्व्हर्टरने ती सूचना गाळली की १६:९ मध्ये काढलेल्या लग्नातली माणसं उभट, काटकुळी दिसतात. उलट ४:३ चं चित्र टीव्हीने पूर्ण पडद्यावर ताणलं की नवरी दुप्पट जाड होते, आणि घरात त्यावरून जे बोलणं होतं ते वेगळंच. हँडब्रेकमध्ये डायमेन्शन्समध्ये ‘अॅनामॉर्फिक’ ऑटोमॅटिकवर असू द्या आणि टीव्हीवर पिक्चर साइझ मूळवर.

तिसरी अडचण खरी नाजूक. भारतातल्या डीव्हीडी पाल या टीव्ही पद्धतीच्या, सेकंदाला २५ फ्रेम. पण कॅमेऱ्यातून आलेल्या चित्रीकरणात प्रत्येक फ्रेम बहुधा दोन अर्ध्या भागांत घेतलेली असते: आधी एकाआड एक रेषा, मग १/५० सेकंदाने उरलेल्या रेषा. याला इंटरलेसिंग म्हणतात. जुन्या काचेच्या टीव्हीवर ते छान दिसायचं, कारण तो टीव्हीही तसाच रेषा मारायचा. आताच्या पडद्यावर दोन्ही अर्धे एकदम दिसतात. हार घालायला नवरीने हात पुढे केला की बांगड्यांच्या कडा आडव्या रेषांमध्ये फाटलेल्या दिसतात. हात थांबला की पुन्हा नीट. चित्र हललं की फाटतं आणि थांबलं की जुळतं, असं असेल तर दुखणं हेच. हँडब्रेकच्या फिल्टरमध्ये डीइंटरलेस लावा. ‘बॉब’ हा पर्याय घेतला तर दोन्ही अर्ध्यांच्या दोन स्वतंत्र फ्रेम होतात आणि हालचाल मूळ चित्रीकरणासारखी मऊ दिसते. तेव्हा फ्रेम रेट ५० निवडायला विसरू नका, नाहीतर प्रीसेटची ३० ची मर्यादा बऱ्याच फ्रेम फेकून देते. हे काम ट्रान्सकोड करतानाच होतं. एकदा डीइंटरलेस न करता चित्र छोटं-मोठं करून फाइल बनवली की त्या फाटक्या रेषा चित्रातच मुरतात आणि मग कुठलंच फिल्टर त्यांना काढू शकत नाही. २०१५ च्या सिंहस्थात हँडीकॅमवर घेतलेल्या एमटीएस फायली असतील तर त्यातही हेच निघण्याची शक्यता आहे.

डिस्क वाचतानाच कॉम्प्युटर अडकत असेल तर कन्व्हर्टरचा दोष नाही. मऊ सुती कापडाने मधल्या भोकापासून बाहेरच्या कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावून बघा. एका ड्राइव्हने नाकारलेली डिस्क दुसरा कधीकधी मुकाट्याने वाचतो. आणि आधी सगळ्या फायली हार्डडिस्कवर उतरवून घ्या, मग कन्व्हर्ट करा. घरी राइट केलेल्या डिस्कवरचा रंगाचा थर वर्षांगणिक खराब होतो, त्यामुळे हे काम पुढच्या दिवाळीवर ढकलू नका.

आवाज मागे पडतो, काम मध्येच थांबतं

ओठ आणि आवाज जुळत नसतील तर एक गोष्ट तपासा: फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच आहे की वाढत जातो? सारखाच असेल तर नुसतं सरकवायचं आहे. व्हीएलसीमध्ये जे आणि के या बटणांनी आवाज पुढेमागे करून किती मिलिसेकंदांचा फरक आहे तेही कळतं. वाढत जात असेल तर कारण बहुधा तोच फोनचा व्हेरिएबल फ्रेम रेट. एडिटर प्रत्येक सेकंदात ३० फ्रेम धरतो, फोनने कधी २९ तर कधी २७ दिलेल्या असतात, आणि अर्ध्या तासाच्या कीर्तनात बुवांचे ओठ आणि अभंग यांची फारकत होते. हँडब्रेकमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून फाइल बनवा, मग ती एडिटरला द्या.

रंग फिके, दुधाळ झाले असतील तर फोनने एचडीआरमध्ये, म्हणजे उजेड आणि रंगांचा जास्त पल्ला टिपणाऱ्या पद्धतीत, रेकॉर्ड केलंय आणि कन्व्हर्टरने ते नीट उतरवलेलं नाही. पुढच्या वेळी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एचडीआर व्हिडिओ बंद ठेवा. घेतलेल्या क्लिप एखाद्या चांगल्या एडिटरमध्ये एसडीआर (नेहमीची साधी पद्धत) म्हणून एक्स्पोर्ट कराव्या लागतात.

काम मध्येच थांबण्याची कारणं बहुधा फाइलबाहेरची असतात. डिस्कवर जागा नसते. विंडोजच्या सिक्युरिटीमधलं ‘कंट्रोल्ड फोल्डर अॅक्सेस’ चालू असेल तर व्हिडिओज फोल्डरमध्ये लिहायला हँडब्रेकला मनाईच होते. साध्या नव्या फोल्डरमध्ये सेव्ह करून बघा. एप्रिलच्या दुपारी लॅपटॉप गादीवर ठेवून कन्व्हर्ट लावलं तर खालून हवा मिळत नाही, प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. मग दोन तासांचं काम पाच तासांवर जातं. टेबलावर ठेवा.

आणि लाइट गेली तर? एमपी४ ची अनुक्रमणिका काम संपताना लिहिली जाते. मध्येच बंद पडलं तर सगळा माल आत असूनही फाइल उघडत नाही. एमकेव्ही थोडी सोशिक आहे, जिथवर लिहिलं गेलं तिथवर चालते. रात्रभराचं काम असेल आणि इन्व्हर्टर नसेल तर आउटपुट एमकेव्ही ठेवा आणि झाल्यावर पेटी बदलून एमपी४ करा.

शेवटी फाइल बरोबर होते आणि पेनड्राइव्हवर जात नाही, असंही घडतं. जागा ३२ जीबी मोकळी, फाइल ५ जीबीची, तरी विंडोज म्हणतं फाइल फार मोठी आहे. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो आणि त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसत नाही. आतलं सगळं आधी दुसरीकडे काढून घ्या, मग तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. टीव्ही एक्सफॅट वाचत नसेल तर एनटीएफएस करून बघा. तेही नाही जमलं तर लॉसलेसकटमध्ये व्हिडिओचे दोन भाग करा. त्यासाठी पुन्हा कन्व्हर्ट करायला नको.